पुढच्या चाकांना मोठा वाटा

गाडी सर्व्हिसिंगला टाकली की दुपारी गॅरेजमधून फोन येतो : "पुढचे ब्रेक पॅड संपलेत, बदलावे लागतील." मागच्यांचे काय, असे विचारले की उत्तर मिळते, "ते अजून बरेच आहेत, पुढच्या वेळी बघू." चाके चार, पेडल एकच, मग झीज पुढेच का? मेकॅनिक उगाच बिल फुगवत नाही ना, अशी शंका वाशीपासून पनवेलपर्यंत कितीतरी गाडीमालकांच्या मनात येऊन जाते.

मेकॅनिक खरेच सांगत असतो. मोटारीत ब्रेकच्या कामाची वाटणी मुद्दामच विषम ठेवलेली असते. पुढच्या चाकांकडे साधारण तीन चतुर्थांश काम आणि मागच्यांकडे उरलेले. ही वाटणी का करावी लागते, ती चुकली तर काय होते आणि गाडी ती कशी सांभाळते, हे या प्रकरणात पायरीपायरीने पाहू.

१. गाडी थांबवते कोण?

ब्रेक दाबला की पॅड डिस्कला दोन्ही बाजूंनी घट्ट धरतात आणि चाक मंदावते. पण चाक मंदावणे आणि गाडी मंदावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाडी मंदावते ती टायर आणि रस्ता यांच्यातल्या पकडीमुळे. रस्त्यावर डिझेल सांडलेले असेल, तर कितीही महागडा ब्रेक लावला तरी गाडी पुढे घसरतच जाते.

ही पकड दोन गोष्टींवर ठरते. पहिली गोष्ट रस्ता : कोरडा, ओला की वाळू पसरलेला. दुसरी गोष्ट त्या चाकावर पडणारा भार. चांगल्या टायरला कोरड्या डांबरावर आपल्यावरच्या भाराच्या सुमारे ०.८ पट पकड मिळते. म्हणजे चाकावर १०० किलो भार असेल, तर ते चाक ८० किलोपर्यंत रोखजोर देऊ शकते. पावसात हाच आकडा ०.४ च्या आसपास येतो आणि तेच चाक फक्त ४० किलो देते.

ब्रेकने याहून जास्त मागितले, तर चाक जाम होते. ते फिरायचे थांबते आणि टायर रस्त्यावर नुसता घासत जातो. म्हणून चांगल्या ब्रेकची कसोटी चाक घट्ट धरण्यात नाही. प्रत्येक चाकाकडून त्याच्या पकडीपुरतेच आणि पकडीइतके काम घेणे, ही ती कसोटी आहे.

२. वजन पुढे कसे सरकते?

आता पुढचा प्रश्न : प्रत्येक चाकावर भार किती असतो? उभ्या गाडीत तो ठरलेला असतो. इंजिन पुढे असलेल्या आपल्याकडच्या छोट्या गाड्यांत, फक्त चालक बसला असताना, साधारण ६० टक्के भार पुढच्या दोन चाकांवर आणि ४० टक्के मागच्या दोन चाकांवर असतो. पण ब्रेक लागला की हा हिशोब बदलतो.

नवी मुंबईत सिडकोने बांधलेल्या जुन्या चार मजली इमारतींत लिफ्ट नाही. तिथे घर बदलताना लोखंडी कपाट जिन्यावरून उतरवावे लागते. दोघे जण कपाटाला खालच्या कडेशी धरतात, एक वरच्या पायरीवर आणि एक खालच्या. सपाट जमिनीवर दोघांना सारखे वाटणारे ओझे जिन्यावर आले की खालच्याच्या अंगावर येते. जिना जितका चढा, तितके ते जास्त येते. कपाट उंच असेल, तर आणखी जास्त. पण कपाट लांब असून दोघांमध्ये अंतर जास्त असेल, तर हा फरक कमी होतो.

मोटारीत नेमके हेच घडते. रोखणारा जोर रस्त्याच्या पातळीवर, टायरच्या तळाशी लागतो. गाडीचे वजन मात्र सरासरीने रस्त्यापासून सुमारे अर्धा मीटर वर असते आणि ते पुढे जायचा हट्ट सोडत नाही. त्यामुळे गाडी नाक खाली घालते, पुढची चाके दाबली जातात आणि मागची हलकी होतात. ब्रेक जितका जोरात, तितके जास्त वजन पुढे सरकते. उंच गाडीत ते जास्त सरकते आणि लांब गाडीत कमी.

३. थोडे गणित

एक गाडी घेऊ. वजन १,००० किलो. पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर २.५ मीटर. वजनाचा मध्य रस्त्यापासून ०.५ मीटर उंच. उभी असताना पुढे ६०० किलो आणि मागे ४०० किलो भार.

ब्रेकचा जोर आपण गाडीच्या वजनाच्या पटीत मोजू. सिग्नल लांबून दिसला म्हणून हळूच ब्रेक लावला, तर जोर ०.२ च्या आसपास असतो. समोर अचानक कोणी आडवे आले आणि जीव खाऊन पेडल दाबले, तर कोरड्या रस्त्यावर तो ०.८ पर्यंत जातो. पुढे सरकणारे वजन काढायचे, तर गाडीचे वजन, ब्रेकचा जोर आणि मध्याची उंची यांचा गुणाकार करून चाकांमधल्या अंतराने भागायचे.

हळू ब्रेक, जोर ०.२ : १,००० × ०.२ × ०.५ ÷ २.५ = ४० किलो. पुढे ६४०, मागे ३६०.

ओल्या रस्त्यावर पूर्ण ब्रेक, जोर ०.४ : ८० किलो सरकले. पुढे ६८०, मागे ३२०.

कोरड्या रस्त्यावर पूर्ण ब्रेक, जोर ०.८ : १६० किलो सरकले. पुढे ७६०, मागे २४०.

पकड भाराच्या प्रमाणात मिळते, म्हणून कामाची वाटणीही याच प्रमाणात हवी. हळू ब्रेकला ६४:३६, ओल्या रस्त्यावर ६८:३२ आणि कोरड्यावर ७६:२४. एकच गाडी, एकच चालक, तरी प्रत्येक वेळी योग्य वाटणी वेगळी! सारा पेच इथेच आहे.

पुढच्या चाकांना मोठ्या डिस्क आणि मागे साधे ड्रम ही रचना आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत दिसते, तिचेही कारण हेच. ज्याच्याकडे काम जास्त, त्याला साधन मोठे. दुचाकीत तर दोन चाकांमधले अंतर कमी आणि स्वार उंच बसलेला, त्यामुळे वजन आणखी मोठ्या प्रमाणात पुढे जाते. केवळ मागच्या ब्रेकवर भरवसा ठेवणारा स्कूटरस्वार आपल्या थांबण्याच्या ताकदीचा मोठा हिस्सा वाया घालवतो. म्हणून भारतात एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी कॉम्बी ब्रेक व्यवस्था किंवा चाक जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा, आणि त्यावरच्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले.

४. आधी कोणते चाक जाम व्हावे?

प्रत्येक क्षणी अचूक वाटणी जमत नसेल, तर चूक कोणत्या बाजूला व्हावी, हे आधी ठरवावे लागते. त्यासाठी जाम झालेल्या चाकाचा एक गुण लक्षात ठेवावा. फिरणारे चाक सरळ पुढे सहज जाते, पण आडवे सरकायला विरोध करते. जाम झालेले चाक कुठल्याही दिशेला सारख्याच सहजतेने घसरते. आडवी पकड गेलेली असते.

समजा, पुढची चाके आधी जाम झाली. स्टिअरिंग वळवून उपयोग होत नाही, गाडी सरळ रेषेत घसरत जाते. हे वाईटच. पण मागची चाके अजून फिरत असतात आणि शेपटी जागेवर धरून ठेवतात. चालकाने पेडल थोडे सैल केले की पुढची चाके पुन्हा फिरू लागतात आणि स्टिअरिंग परत मिळते. ठोकर बसलीच तर ती समोरून बसते. बॉनेटचा चुरडणारा भाग, सीटबेल्ट, एअरबॅग अशी सगळी तयारी समोरूनच्या धडकेसाठी केलेली असते.

आता मागची चाके आधी जाम झाली असे समजू. पुढची चाके गाडीला रोखून धरताहेत आणि मागचा भाग आडवी पकड हरवून पुढे यायला बघतोय. रस्त्याचा थोडासा उतार, ओला पांढरा पट्टा, स्टिअरिंगची किंचितशी हालचाल, एवढे निमित्त पुरते. शेपटी बाजूला सरकते आणि एकदा सरकली की सरकतच जाते. चालकाला काही सुचायच्या आत गाडी गर्रकन फिरते. मग धडक बसते ती दरवाजावर, जिथे माणूस आणि बाहेरचे जग यांच्यात वीतभरच अंतर असते.

म्हणून जगभरच्या अभियंत्यांनी एक नियम पक्का केला : मागचे चाक पुढच्याच्या आधी जाम होता कामा नये. मोटारींच्या ब्रेकसाठी संयुक्त राष्ट्रांचा १३-एच हा नियम आहे. त्यात एबीएस नसलेल्या गाडीसाठी ब्रेकच्या जोराचा ०.१५ ते ०.८ हा पट्टा दिला आहे आणि त्या पट्ट्यात पुढच्या चाकांची पकड आधी संपली पाहिजे असे ठरवले आहे. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत, जी १९६६ पासून काम करते आहे, नव्या गाड्यांचे ब्रेक रिकाम्या आणि भरलेल्या अशा दोन्ही स्थितींत तपासले जातात.

वाटणी उभ्या गाडीच्या भाराप्रमाणे सरळ ६०:४० ठेवली तर काय होईल? आपल्याच गाडीचा हिशोब केला, तर कोरड्या रस्त्यावर जोर ०.५७ ला पोचताच मागची चाके जाम होतात. पुढच्यांची भरपूर पकड अजून शिल्लक असते, पण तोवर गाडी फिरायला लागलेली असते.

५. ठरावीक वाटणीचा तोटा

मग सरळ ७८:२२ अशी कायमची वाटणी ठेवावी का? कोरड्या रस्त्यावर ती छान चालते. पुढची चाके ०.७७ ला जाम होतात, म्हणजे मिळू शकणाऱ्या ०.८ च्या अगदी जवळ. मागची सुरक्षित राहतात.

आता तीच गाडी जुलै महिन्यात वाशीहून बेलापूरकडे पाम बीच रोडने निघाली आहे असे समजा. खाडीच्या कडेने जाणारा हा रस्ता सरळ आणि मोकळा, त्यामुळे वेग नकळत वाढतो. पावसाची सर येऊन गेली आहे आणि पकड ०.४ वर आली आहे. इथे ७८:२२ ची वाटणी असेल, तर पुढची चाके जोर ०.३४ झाला की जाम होतात. त्या वेळी मागची चाके फक्त ७५ किलो रोखजोर देत असतात. त्यांची ऐपत मात्र १३० किलोंहून अधिक असते. जवळजवळ निम्मी पकड विनावापर पडून राहते.

याचा रस्त्यावरचा अर्थ असा. ताशी ६० किलोमीटर वेगात, ब्रेक लागल्यापासून, अचूक वाटणी असलेली गाडी सुमारे ३५ मीटरमध्ये थांबते. ७८:२२ च्या गाडीला, पुढची चाके जाम न होऊ देता थांबायचे, तर ४१ मीटर लागतात. सहा मीटरचा फरक. एका मोटारीच्या लांबीहून जास्त. समोर उभ्या असलेल्या रिक्षाच्या अलीकडे थांबणे आणि तिच्यावर जाऊन आदळणे यांत एवढेच अंतर असते.

गाडी भरली की हिशोब पुन्हा बदलतो. पाच माणसे आणि डिकीत सामान असे ४०० किलो वाढले, तर त्यातला मोठा भाग मागच्या चाकांवर जातो. पुढे ७०० आणि मागे ७०० किलो असा भार झाला, तर कोरड्या रस्त्यावर पूर्ण ब्रेकला मागची चाके सुमारे ३४ टक्के काम करू शकतात. त्यांना मिळते मात्र २२ टक्केच. म्हणजे मदतीची गरज सर्वांत जास्त असते, नेमके तेव्हाच मागचे ब्रेक पूर्ण ताकदीने काम करत नाहीत.

६. व्हॉल्व्हपासून ईबीडीपर्यंत

या पेचातून पहिला मार्ग काढला तो एका साध्या व्हॉल्व्हने. मागच्या ब्रेककडे जाणाऱ्या नळीत तो बसवतात. हळू ब्रेकला तो ब्रेक ऑइलचा दाब जसाच्या तसा मागे जाऊ देतो. दाब एका मर्यादेपुढे गेला की मागची वाढ तो मंद करतो. परिणाम असा की हलक्या ब्रेकला मागच्यांना मोठा वाटा मिळतो आणि जोराच्या ब्रेकला लहान. वर आपण मांडलेल्या गणितालाही हेच हवे होते.

दुसरी पायरी म्हणजे भार ओळखणारा व्हॉल्व्ह. मालवाहू पिकअप आणि व्हॅनखाली वाकून पाहिले, तर मागच्या ॲक्सलजवळ एक छोटा दांडा आणि स्प्रिंग दिसते. दांड्याचे एक टोक ॲक्सलला आणि दुसरे चासीवरच्या व्हॉल्व्हला जोडलेले असते. माल भरला की चासी खाली बसते, दांडा हलतो आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. गाडी रिकामी झाली की तो दाब आपोआप कमी करतो. मागचे पाटे जाड करून घेतले, तर चासी पुरेशी खाली बसत नाही आणि व्हॉल्व्हला भरलेली गाडीही रिकामीच वाटते. पाटे वाढवून घेणाऱ्या मालकाला हे कोणी सांगत नाही.

तिसरी पायरी इलेक्ट्रॉनिक. एबीएसमध्ये प्रत्येक चाकाजवळ वेग मोजणारा सेन्सर असतो. जाम होऊ लागलेल्या चाकाचा दाब यंत्रणा सेकंदात अनेकदा सोडते आणि पुन्हा देते. बॉशची ही यंत्रणा १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लास गाडीत आली. भारतात नव्या मॉडेलच्या मोटारींना एप्रिल २०१८ पासून आणि सर्व नव्या मोटारींना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचे झाले.

ईबीडी, म्हणजे ब्रेकच्या जोराची इलेक्ट्रॉनिक वाटणी, त्याच सेन्सरांवर चालते. ती सतत पाहत असते : मागचे चाक पुढच्यापेक्षा जास्त मंदावते आहे का? तसे दिसले की मागच्या ब्रेकचा दाब तिथल्या तिथे थोपवला जातो. गाडीत एक माणूस आहे की पाच, रस्ता कोरडा की ओला, हे तिला वेगळे सांगावे लागत नाही. चाकांच्या वेगातला फरकच तिला सगळे सांगतो. त्यामुळे मागचे ब्रेक आता भीतीपोटी दुबळे ठेवावे लागत नाहीत. ते सशक्त ठेवायचे आणि गरजेपुरते आवरायचे.

इलेक्ट्रिक गाड्यांत यात एक भर पडते. ॲक्सिलरेटर सोडला की मोटर जनित्र बनते आणि चाकांना रोखते. टाटाच्या नेक्सॉन ईव्हीत मोटर पुढच्या चाकांना जोडलेली, म्हणून हा रोख पुढे लागतो. महिंद्राच्या बीई ६ मध्ये मोटर मागे, म्हणून तो मागे लागतो. मागे लागणारा रोख ओल्या रस्त्यावर आवरावाच लागतो. नियम तोच, अंमल करणारी यंत्रणा नवी.

७. रिकामा ट्रेलर अधिक धोक्याचा का?

उरण, पनवेल आणि कळंबोलीच्या रस्त्यांवर न्हावा-शेवा बंदरातून ये-जा करणाऱ्या कंटेनर ट्रेलरांची रांग तुटत नाही. चाळीस फुटी कंटेनर रिकामा असताना साधारण चार टनांचा आणि भरल्यावर तीस टनांपर्यंतचा. मोटारीत वजन फार तर दीडपट होते. इथे मालाचे ओझे सात-आठ पटींनी बदलते.

भरलेल्या ट्रेलरसाठी लागणारा जोर रिकाम्या ट्रेलरच्या मागच्या चाकांवर पडला, तर ती क्षणात जाम होतात आणि ट्रेलरची शेपटी बाजूच्या लेनमध्ये झोकते. पुढच्या घोड्याची, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकची, मागची चाके जाम झाली, तर आणखी वाईट. मागून ट्रेलर रेटत येतो, घोडा काटकोनात फिरतो आणि अख्खी गाडी दुमडून रस्ता अडवते. म्हणून अवजड वाहनांत भार ओळखणारा व्हॉल्व्ह आणि एबीएस यांचे महत्त्व मोटारीहून कैक पटींनी जास्त आहे. आणि म्हणूनच ओल्या रस्त्यावर रिकामा ट्रेलर शेजारून धावत असेल, तर "रिकामाच आहे" म्हणून त्याच्या मागच्या चाकांना खेटून गाडी चालवू नये.

८. बोरघाट उतरताना

पुण्याहून एक्स्प्रेसवेने कळंबोलीकडे येताना लोणावळा ते खोपोली या टप्प्यात गाडी साधारण साडेपाचशे मीटर खाली येते. १,००० किलोच्या गाडीची तेवढ्या उंचीची ऊर्जा म्हणजे सुमारे दीड युनिट वीज. पूर्ण उतार ब्रेकवर उतरलो, तर यातल्या बहुतेक ऊर्जेची उष्णता होऊन ब्रेकमध्ये शिरते आणि तीन चतुर्थांश हिस्सा पुढच्या दोन डिस्कवर पडतो. फार तापले की पॅडची पकड सैल पडते. ब्रेक ऑइल जुने होऊन त्यात ओलावा शिरला असेल, तर ते उकळून बुडबुडे होतात आणि पेडल भुसभुशीत लागते.

इथे वाटणीही बिघडते. पुढचे ब्रेक तापून दुबळे झाले आणि मागचे अजून थंड असतील, तर मागच्यांचा वाटा आपोआप वाढतो. शिवाय उतारावर वजन आधीच थोडे पुढे झुकलेले असते. म्हणून घाटात खालचा गिअर टाकून इंजिनाला गाडी रोखू द्यावी आणि ब्रेक मधूनमधूनच वापरावा. न्यूट्रलमध्ये गाडी सोडली, तर इंजिनाचा हा वाटाही ब्रेकवरच येऊन पडतो.

घाबरून हँडब्रेक खेचणे हाही मोह टाळावा. आपल्या बहुतेक गाड्यांत हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. वेगात तो झटक्याने ओढणे म्हणजे जी चाके जाम होऊ नयेत, नेमकी तीच जाम करणे. ब्रेक ऑइलच्या नळ्या बहुतेक छोट्या गाड्यांत तिरप्या जोडीने विभागलेल्या असतात. पुढचे डावे चाक मागच्या उजव्याशी आणि पुढचे उजवे मागच्या डाव्याशी. एक बाजू गळाली तरी दुसऱ्या बाजूने एक पुढचा ब्रेक हाती राहतो. म्हणून पेडल खोल गेले तरी ते पूर्ण दाबून धरावे, गिअर उतरवावा आणि हँडब्रेक शेवटी, हळूहळू ओढावा.

९. गाडीमालकाच्या हाती काय?

वाटणी कारखान्यात ठरते, पण ती बिघडते रोजच्या वापरात. मागचे ड्रम वर्षानुवर्षे न उघडता चालवले, की एका बाजूचा शू चिकटतो किंवा सिलिंडरमधून गळलेले ऑइल लायनरवर येते. त्यामुळे सर्व्हिसिंगला पुढच्या पॅडबरोबर मागचे ड्रमही उघडून बघायला सांगावे. पॅड नेहमी दोन्ही बाजूंचे एकदम आणि एकाच प्रकारचे बदलावेत.

डॅशबोर्डवरच्या दिव्यांकडेही नीट पाहावे. बऱ्याच गाड्यांत फक्त एबीएसचा दिवा लागला, तर साधा ब्रेक आणि वाटणी शाबूत असते. त्याच्यासोबत ब्रेकचा लाल दिवाही लागून राहिला, तर ब्रेक ऑइल कमी झालेले असते किंवा ईबीडी बंद पडलेली असते. अशा वेळी सशक्त मागचे ब्रेक आवरणारे कोणी नसते. गाडी हळू चालवत थेट गॅरेज गाठावे.

शेवटी टायर. पुढचे टायर लवकर झिजतात, म्हणून दोनच नवे घ्यायचे झाले तर ते पुढे लावायची पद्धत आहे. ओल्या रस्त्यावर हे चुकीचे ठरते. नवे टायर पुढे लावले, तर झिजके टायर मागे येतात आणि पावसात पकड आधी मागे सुटते. पुढचे टायर घसरले, तर चालकाला स्टिअरिंगवर ते जाणवते आणि वेग कमी करायला अवधी मिळतो. मागचे घसरले, तर तो अवधी मिळत नाही. तेव्हा नवी जोडी मागे लावा आणि मागची बऱ्या अवस्थेतली जोडी पुढे घ्या. व्हॉल्व्ह, सेन्सर आणि संगणक ज्या एका नियमासाठी राबतात, तो पाळायला टायरवाल्याला एवढे एक वाक्य सांगणे पुरते.